सातव्या पट्टीमागची खाच

दि. ११ जानेवारी

प्रिय पक्कड,

आशीर्वाद. साठी उलटलेल्या माणसाला या नावाने हाक मारू नये, हे मला समजतं. पण तुझं खरं नाव लिहून पाहिलं तर पत्र कुणा परक्याला चाललंय असं वाटायला लागलं. ते पाकिटावर घातलंय, पोस्टमनपुरतं. तू खिशात पक्कड घेऊन आमच्याकडे जेवायला यायचास आणि हात धुतल्या धुतल्या आमचाच रेडिओ उघडून बसायचास. तेव्हा हे नाव तुला मीच दिलं, त्यामुळे ते वापरायचा हक्क माझा आहे.

सगळं ठीक आहे असं लिहून सुरुवात करायची असते. तर सगळं ठीक आहे.

तुला फोन करून पाहिला. नंबर बघून तू उचलत नाहीस. मी औषधांच्या दुकानात उभं राहून आयुष्य काढलं. कोण कामात आहे आणि कोण टाळतंय, हे मला आवाज न ऐकताही कळतं. म्हणून पत्र. पत्र आलं की माणूस निदान पाकीट तरी फोडतो.

दुकान मी देऊन टाकलं. एका तरुण जोडप्याने घेतलं. त्यांनी दारात वजनाचं यंत्र ठेवलंय, उभं राहिलं की मोठ्याने वजन सांगतं. माझी निम्मी जुनी गिऱ्हाइकं आता समोरच्या फुटपाथने जातात.

तुझ्या जुन्या मित्राचा, आमच्या धाकट्याचा पलंग वरून पुढच्या खोलीत आणला आहे. जिन्याचा त्रास होतो. खिडकी रस्त्यावर आहे, तेवढीच करमणूक.

आता काम. बाबांनी जहाजावरून आणलेली ती निळी इलेक्ट्रिक गिटार कुठे असेल, हे मला हवं आहे. माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, त्याला त्या सालची गिटार पाहिजे. धाकट्याने ती ज्या वाद्यांच्या दुकानात विकली, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. मी जाऊन आले. चष्मेवाल्याने माझे डोळे तपासले, नंबर वाढलाय म्हणाला. गिटारीचं त्याला काही माहीत नाही. मग इंटरनेटवर विचारलं. तिथे एकाने उत्तर दिलं, "काकू, ती गिटार सगळं जग शोधतंय. रांगेत उभ्या राहा." मी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. रांगेची मला सवय नाही.

तुझा धंदा या वस्तूंचा आहे. जुनी गिटार कुणाकडून कुणाकडे गेली, हे तुम्हा लोकांत फिरत असतं. तुला माहीत असेल किंवा माहीत असणारा माणूस तुला माहीत असेल.

जुनं उकरायला मी लिहीत नाही. गिटारीचा रंग उडाला होता, तू ती नव्याने रंगवून दिलीस. धाकट्याने हातात घेतली आणि म्हणाला, ही माझी नाही. तू म्हणालास, तुझीच आहे. तो म्हणाला, दांडीच्या मागची खाच कुठे आहे? तू म्हणालास, ती मी भरली, वरून पॉलिश केलं, कामच होतं ते. तो म्हणाला, भरली असती तरी अंगठ्याला कळलं असतं. मग दोघांच्या तोंडून जे निघालं ते माझ्या स्वयंपाकघरात निघालं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. तू गाव सोडलंस. त्याने वर्षभरात गिटार विकली आणि वाजवणंही सोडलं. त्यानंतर जो भेटेल त्याला तो हेच सांगत राहिला, की त्याची गिटार बदलली गेली. लोक हो म्हणायचे आणि दुसरा विषय काढायचे. मीही काढला.

उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत.

तुझ्या मित्राची बहीण,
ताई

ता.क. पाकीट बंद करायच्या आधी हे लिहिते. ओळखीतला मुलगा वगैरे कुणी नाही. धाकट्याला ती एकदा हातात घ्यायची आहे. लवकर कळव.


दि. २ एप्रिल

प्रिय पक्कड,

आशीर्वाद. मी दोन ओळी पुरेत म्हटलं तर तू खरोखर दोनच लिहिल्यास, आणि त्याही बिलाच्या पाठीवर. "वकीलसाहेबांकडे विचारा, जुन्या गिटारींचा नाद आहे त्यांना. बाकी बरं." बाकी म्हणजे काय आणि बरं म्हणजे किती, हे विचारायची आता सोय नाही. पण पत्ता बरोबर निघाला, त्याबद्दल आभार.

वकीलसाहेबांकडे वेळ मिळवायलाच महिना गेला. माणूस सभ्य आहे. तिसरा मजला, लिफ्ट बंद. एका खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद करून घेतल्या आहेत आणि कोपऱ्यात हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र चालू असतं. भिंतीभर गिटारी टांगलेल्या, कोट टांगतात तशा. त्यातल्या कुठल्याच वाजत नसाव्यात. मी विचारलं, "तुम्ही वाजवता का?" तर म्हणाले, "छे हो बाई. मला बेसूर वाजवलेलं सहन होत नाही, माझं स्वतःचंही."

आपली निळी काचेच्या कपाटात होती. मी लगेच ओळखली. खालच्या कडेला बाबांच्या ट्रंकेच्या कुलपाने पडलेला पोचा आहे, तो तुझ्या रंगाखालूनही दिसतो. रंग अजून छान आहे. तू काम चांगलं करतोस, हे मी कधीच नाकारलं नव्हतं.

ते कापडी हातमोजे घालून गिटार बाहेर काढत होते. मी हात पुढे केला तर म्हणाले, "बाई, ही हातात द्यायची नसते."

मी म्हटलं, "मी जन्मभर गोळ्या मोजल्यात. माझे हात तुमच्या मोज्यांहून स्वच्छ आहेत."

हसले आणि दिली. मी दांडीच्या मागून अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत, दोनदा. काचेसारखी गुळगुळीत. म्हटलं, पक्कड खरं बोलत होता, खाच भरली आहे, विषय संपला. खरं सांगू, मला हायसं वाटलं. घरी जाऊन धाकट्याला काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव मी करत होते.

तेवढ्यात ते म्हणाले, "या गिटारीचं दुःख एकच आहे. बॉडी एका सालची आहे आणि नेक, म्हणजे ही दांडी, दुसऱ्या सालची."

मी विचारलं, हे कशावरून? तर त्यांनी ती कधीच उघडून पाहिली होती. चार स्क्रू काढले की दांडी हातात येते, आणि दांडीच्या टोकाला कारखान्याचा शिक्का असतो, साल घातलेला. बॉडीच्या खोबणीतही असतो. हे तुला मी काय सांगणार? दोन्ही शिक्के जुळत नाहीत.

"कुणी मुद्दाम बदलली असेल?"

"मुद्दाम कशाला बदलेल कुणी? दोन्ही तितक्याच चांगल्या असतात. मला वाटतं, एखाद्या कारागिराच्या टेबलावर दोन गिटारी एकदम उघड्या पडल्या असतील. रंगायला, पॉलिशला. दांड्या दिसायला जुळ्या. याची त्याला, त्याची याला."

मला त्यांनी खुर्ची दिली. मी मागितली नव्हती.

पक्कड, मी आरोप करत नाही. मी प्रश्न विचारते आहे, आणि त्याचं उत्तर दोन ओळींत आलं तरी चालेल. ज्या आठवड्यात तू आपली गिटार रंगवलीस, त्या आठवड्यात तुझ्या टेबलावर दुसरी कुणाची होती? एवढं नक्की आठवतं की तू दांड्या खिडकीतल्या तारेवर वाळत घालायचास. कुणाची कुठली ते कळावं म्हणून वर दोरा बांधायचास, धाकट्याला निळा, दुसऱ्याला लाल. मी एकदा तुझ्याकडे चहा घेऊन आले होते, तेव्हा पाहिलं होतं. आणि पॉलिशचा शेवटचा हात द्यायच्या आधी तू दोरे सोडायचास, कारण ते चिकटतात. हे सगळं पत्र लिहिता लिहिता आठवतंय.

धाकट्याला मी यातलं काही सांगितलं नाही. वकिलांकडे गिटार आहे, ती छान आहे, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "अंगठ्याला लागलं का काही?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग ती नाही." आणि खिडकीकडे तोंड केलं. अर्धी बातमी त्याला देववेना. अर्धा डोस आजार बरा करत नाही, नुसता चिवट करतो.

वकीलसाहेबांना मी विचारून पाहिलं, एक दिवस गिटार घरी नेऊ द्याल का? "ती बाहेर जात नाही बाई. भावालाच इकडे आणा, चहा घेऊ." आणू कशी? आणि आणून देऊ काय? त्यांच्याकडे आहे ते आपलं धड. मान दुसरीकडेच आहे.

त्याला जरा दम लागतो. कोपऱ्यात एक मशीन आणून ठेवलंय, हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडतं. सारखं घरघरतं. पहिल्या दिवशी धाकटा बराच वेळ ऐकत पडला होता. मग म्हणाला, "ताई, हे षड्जाच्या किंचित खाली लागतं. पक्कड असता तर एक स्क्रू पिळून वर आणलं असतं त्याने." एवढ्या वर्षांत तुझं नाव त्याने घेतलं ते असं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मशीनचं बोलतोय मी."

एकदा येऊन जा. घाई आहे असं नाही. पण येऊन जा.

ताई


दि. २९ जुलै

प्रिय पक्कड,

आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. घरात कामं होती. पलंग पुन्हा वर गेला. पुढच्या खोलीत टेबल ठेवलंय, त्यावरच लिहिते आहे. मशीन भाड्याचं होतं, ज्याचं त्याला परत गेलं. नेणारा म्हणाला, "आजी, आता शांत झोप लागेल." लागत नाही. त्या घरघरीची सवय झाली होती.

तुझ्या पत्रात या खेपेला सहा ओळी होत्या. प्रगती आहे. दुसरी गिटार दातांच्या डॉक्टरांची होती, लाल रंगाची, हे त्यातून कळलं. "मी खाच भरली होती ताई, शपथेवर सांगतो," असंही लिहिलंस. आणि "येतो, सध्या कामाची गर्दी आहे, महिन्याभरात येतो." ते पत्र मी उशाखाली ठेवलं होतं. माझ्याच उशाखाली. त्याला दाखवलं नाही, कारण तू आला नसतास तर त्याची वाट बघणं मला बघावं लागलं असतं.

आता नीट वाच.

डॉक्टर केव्हाच गेले. दवाखाना त्यांची मुलगी चालवते. मी तिथे गेले तर स्वागताला बसलेल्या बाईने विचारलं, "दात की हिरडी?"

"गिटार," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बसा, नंबराने बोलावतील." म्हणजे मी एकदाची रांगेत बसले. समोरच्या भिंतीवर, पेशंटांच्या डोक्यावर, लाल गिटार टांगलेली. गाल सुजलेला एक गृहस्थ बरोबर तिच्याखाली बसला होता आणि अधूनमधून वर बघत होता, पडेल म्हणून.

नंबर आला. मुलगी म्हणजे आता पन्नाशीची बाई आहे. मी उभी राहून बोलायला लागले तर म्हणाली, "आधी खुर्चीत बसा. उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही, माझी मान दुखते." तेव्हा मी त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीत बसले आणि डोळ्यांवर दिवा घेऊन सगळं सांगितलं. जहाज, बाबा, तू, दोरे, शिक्के. मधेच तिने सवयीने "आ करा" म्हटलं आणि मग सॉरी म्हणाली.

गिटार तिने स्वतः खाली काढली. "बाबांनी तिला कुणाला कधी हात लावू दिला नाही. वाजवायचे मात्र भयंकर. रंगवून आणल्यावर तर म्हणायचे, ही आता माझ्या हातात बसतच नाही. आईला वाटायचं, न वाजवण्याचं निमित्त शोधतायत."

तिथेही एक माणूस तेच म्हणत होता, पक्कड. आणि त्यालाही घरचं कुणी विचारत नव्हतं.

मी अंगठा फिरवला. पाचवी पट्टी, सहावी. सातव्या पट्टीच्या मागे तो थांबला. फार नाही, केसभर. दिसत काहीच नाही. पण इतक्या वर्षांत तू भरलेलं पॉलिश आत बसलंय आणि खाच पुन्हा अंगठ्याला लागायला लागली आहे. स्टेजच्या पायऱ्यांवर गिटार आपटली ती संध्याकाळ मला आठवते. धाकटा रडवेला झाला होता. मग महिन्याभरात सांगायला लागला, की दिवे गेले तरी आता मला चिंता नाही, अंगठा बरोबर सातव्या पट्टीवर येऊन बसतो.

तर तुम्ही दोघंही खरं बोलत होतात. खाच तू भरली होतीस. आणि त्याच्या हातातल्या गिटारीला ती नव्हती. भरलेल्या खाचेची दांडी तू तारेवरून काढलीस आणि लाल गिटारीला बसवलीस. तुझ्या डोळ्यांपुढे खाच भरल्याचं काम होतं आणि त्याच्या अंगठ्यापुढे दुसऱ्याच माणसाची दांडी. माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही एकमेकांना खोटारडे म्हणालात, तेव्हा तिथे खोटं बोलणारं कुणीच नव्हतं.

मी तिला म्हटलं, ही एका दिवसासाठी मला द्या. ती नाही म्हणाली. एकदा एका नातेवाइकाने बघायला म्हणून नेली होती, ती परत आणायला तिला वकिलाची नोटीस पाठवावी लागली होती. त्यात तिची चूक नाही. चूक माझी, मी तिला घाई कशाची आहे ते नीट सांगितलंच नाही. दुकानात होते तेव्हा चिठ्ठीवरची औषधं वाचूनच मला कळायचं, हा माणूस किती दिवस येत राहील. धाकट्याच्या चिठ्ठ्याही मीच आणत होते. वाचता मला सगळं येतं. ते तोंडाने म्हणायचं झालं की मी हवापाण्याचं बोलते. तुलाही "जरा दम लागतो" असंच लिहिलं.

मी उठायला लागले तर तीच म्हणाली, "थांबा. अंगठ्यालाच कळायला हवंय ना?"

तिने दातांचा ठसा घ्यायचा मसाला कालवला. गुलाबी, कणकेसारखा. दांडीवर आधी पातळ प्लास्टिक लपेटलं, म्हणजे पॉलिशला काही होऊ नये, आणि सातव्या पट्टीच्या मागे तो मसाला दाबून धरला. कवळीसाठी धरतात तसा. आम्ही दोघी घड्याळाकडे बघत उभ्या. बाहेर तो गाल सुजलेला गृहस्थ कण्हत होता. "आलेच हो!" ती ओरडली. "इथे एका गिटारीचा दात दुखतोय." मग त्या ठशात प्लॅस्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात पांढरा तुकडा दिला. वीतभर दांडी, अगदी तिच्या गोलाईसकट. आणि मागे खाच. म्हणाली, "खाच मी जरा खोल कोरून दिली आहे. आजारी माणसाच्या बोटांना कमी कळतं." मी तिला आजाराचं काही बोलले नव्हते. तिला न सांगता कळलं होतं.

घरी आले तेव्हा धाकटा जागा होता. त्या दिवसांत तो बसून झोपायचा, आडवं होणं जमत नव्हतं. मी तुकडा त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने आधी डोळे उघडून पाहिलं. "हे काय, कवळी?" मग अंगठा मागे गेला. आपोआप, त्याने नेला नाही. वर सरकला, खाली सरकला, आणि थांबला. बोटं पुढून तारांवर दाबल्यासारखी बसली.

मशीन घरघरत होतं.

मग म्हणाला, "ताई, ही आहे."

मी म्हटलं, "हो, आहे." आणि सगळं सांगितलं. वकील, शिक्के, लाल गिटार, डॉक्टर. या वेळी पूर्ण डोस दिला. तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, पाणी दिलं. म्हणाला, "म्हणजे मी वेडा नव्हतो." मी म्हटलं, नव्हतास. पुन्हा अंगठा फिरवला. मग तुकडा कानाजवळ नेऊन तारा छेडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "छान जमलाय ग. वाजत मात्र नाही."

एवढंच त्याच्या हाती आलं, पक्कड. वीतभर प्लॅस्टर.

मी म्हटलं, "पक्कडला कळवते. तो येईल, तुझी माफी मागेल."

तो एकदम म्हणाला, "नाही. त्याला सांगायचं नाही."

"का?"

"तो अजून टेबलाशी बसतो. हे कळलं तर उरलेला जन्म प्रत्येक स्क्रू दहादा तपासत बसेल. मी बरोबर होतो हे मला कळलं, बास झालं. त्याला कशाला चुकीचा करतेस?" दम खाऊन म्हणाला, "त्या वेळी काय काय बोललो मी त्याला. तू ऐकलंयस."

मी तुला लिहिते आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. मी कबूल म्हणून मान हलवली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. लांबवायची मला सवय नाही आणि इच्छाही नाही. धाकटा गेला. सकाळी गेला, मी दूध तापवत होते. तुकडा हातातच होता. आता तो या टेबलावर आहे, पत्र उडू नये म्हणून वर ठेवलाय. पोस्टाने पाठवला तर फुटेल. हवा असेल तर येऊन घे, नसेल तर माझं काही म्हणणं नाही.

त्याला दिलेला शब्द मी मोडते आहे, आणि विचार करून मोडते आहे. कारण असं.

वकीलसाहेबांना लाल गिटारीचा पत्ता लागला. माझ्याकडूनच, दुसरा मार्ग नव्हता. ते डॉक्टरांच्या मुलीला जाऊन भेटले. ती विकायला तयार नाही, पण दांड्यांची अदलाबदल करायला तयार झाली. "बाबांच्या हातात बसेल अशी होऊ दे पुन्हा," म्हणाली. बाबा आता कुठले वाजवायला! तरी ठरलं. दोन्ही गिटारी पूर्ववत होणार. एक पेशंटांच्या डोक्यावर भिंतीला टांगली जाईल आणि आपली काचेच्या कपाटात जाईल, दमट हवा लागू नये अशी. धडाला मान मिळेल, शिक्के जुळतील, वकीलसाहेबांचं दुःख संपेल. त्यांनी मला आभाराचा फोन केला. म्हणाले, "तुमच्यामुळे एक अप्रतिम वस्तू पूर्ण झाली." एवढी वणवण मी त्यांच्या कपाटासाठी केली, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, हे काम कुणाला द्यावं? असं कुणाच्याही हातात देता येत नाही.

मी तुझं दुकान सांगितलं.

का सांगितलं, ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता म्हणावं तर तो उरलेला नाही, शोधून पाहिला. आमच्या बाबांच्या त्या वस्तूला शेवटचा हात कुणा अनोळखी माणसाचा लागू नये, एवढंच मनात आलं. आणि मी आज लिहिलं नसतं, तरी त्या दांडीवर अंगठा ठेवताच तुला कळलंच असतं. दुकानात, गिऱ्हाइकासमोर, एकट्याला. ते मला नको होतं. धाकट्यालाही नको असतं, असं मी स्वतःला सांगते.

वकीलसाहेबांचा फोन येईल. तो उचल. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण, कामाची गर्दी आहे असं सांगू नकोस. हो म्हणालास तर दोन्ही गिटारी पुन्हा तुझ्या टेबलावर येतील, लाल आणि निळी, आणि दोन दांड्या. या खेपेला दोरा बांधायची गरज नाही. कुठली कुणाची, ते तुला कळेल.

काम चोख कर, तू करतोसच. ती खाच मात्र भरू नकोस.

धाकट्याची, आणि अजून तुझीही,
ताई